आमचे चेरोकी आजोबा

माझे आजेसासरे चेरोकी होते, असे मी माहेरी पहिल्यांदा सांगितले, तेव्हा आमच्या काकूने विचारले, "ही कुठली गं जात? आपल्याकडं कधी ऐकली नाही." मी म्हटले, "काकू, गोरे लोक जाण्याआधी अमेरिकेत जे लोक शेती करून राहत होते, त्यांतले हे." शेजारचा कॉलेजात जाणारा मुलगा लगेच म्हणाला, "म्हणजे रेड इंडियन!" पुढे हा प्रसंग मी आजोबांना सांगितला, तर ते पोट धरून हसले. म्हणाले, "कोलंबसाची वाट चुकली आणि नाव आम्हाला चिकटलं. खरी इंडियन तूच. आता घरात एक तरी अस्सल आहे!"

आजोबा २०१६ साली गेले. ते भूगर्भशास्त्रज्ञ होते, म्हणजे दगड पाहून जमिनीच्या पोटात काय आहे ते ओळखणारे. आपल्याकडच्या पाणाड्याचे काम वेगळे आणि त्यांचे वेगळे. पण लोक दोघांनाही एकच प्रश्न विचारतात, "खाली काय आहे?" आजोबांनी तरुणपणी या प्रश्नाची पुष्कळ उत्तरे दिली. म्हातारपणी मात्र ते म्हणत, "तो प्रश्न अर्धाच होता. दुसरा अर्धा मी विचारलाच नाही." ते असे का म्हणत, हे आपल्या शेतकरी घरांतून कळावे असे मला वाटते.

माझे माहेर बालाघाटाच्या डोंगराखालचे. नऊ एकर कोरडवाहू जमीन आणि पन्नास फूट खोल विहीर. मी नर्सिंग शिकले, चार वर्षे पुण्यात नोकरी केली, परीक्षा दिल्या आणि २००३ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात एका रुग्णालयात लागले. तिथे रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या एका मुलाशी ओळख झाली. २००६ साली आम्ही लग्न केले. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते पटले नाही. सहा महिने ते माझ्याशी फोनवर बोलले नाहीत. आई बोलायची, मागून दादांचे खोकणे तेवढे ऐकू यायचे.

हे आजोबांना कळले. ते माझ्या नवऱ्याच्या आईचे वडील. त्यांनी मला न सांगता दादांना पत्र लिहिले. हायस्कूलच्या सरांनी ते पारावर बसून वाचून दाखवले. त्यात लिहिले होते, "आमच्या जुन्या रीतीप्रमाणे घर आणि शेत बाईचे असते. जावई बायकोच्या घरी राहायला येतो. तुमच्या मुलीच्या बाबतीत हे उलटे झाले. तेव्हा आम्ही तुमचे देणे लागतो. तुमच्या शेतातला एक दगड मला पाठवाल का? दगडावरून मला तुमची ओळख होईल."

दादा म्हणाले, "हुंडा मागणारे पाहिले, मानपान मागणारे पाहिले. दगड मागणारा सोयरा पहिल्यांदाच पाहिला." आणि ते हसले. पुढच्या रविवारी ते स्वतः फोनवर आले. २००७ च्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले, तेव्हा दादांनी विहिरीत उतरून चाळीस फुटांवरचा काळ्या कातळाचा एक तुकडा छिन्नीने काढला. धुऊन, फडक्यात बांधून माझ्या हाती दिला.

आजोबांचे घर ताहलिक्वा गावाच्या पूर्वेला, डोंगराळ भागात. १८३९ सालापासून ताहलिक्वा ही चेरोकी लोकांच्या राज्यकारभाराची जागा. तिथल्या पाट्यांवर इंग्रजीच्या खाली आणखी एक लिपी दिसते. ती सिक्वोया नावाच्या चेरोकी माणसाने १८२१ साली पुरी केली. त्याला स्वतःला इंग्रजी लिहिता-वाचता येत नव्हते. पण कागदावर बोलता येते हे त्याने पाहिले आणि बारा-एक वर्षे खपून आपल्या भाषेसाठी ८५ अक्षरे तयार केली. आपल्या 'क, का, कि' सारखे एकेक अक्षर म्हणजे एकेक उच्चार. १८२८ साली या लिपीत वर्तमानपत्रसुद्धा निघाले.

मी घरात गेले त्या दिवशी आजोबा परसात होते. उंच, सावळे, डोक्यावर उन्हाने विटलेली टोपी. "ओसियो," म्हणाले. म्हणजे आपला रामराम. परसात मका होता. मक्याच्या ताटावर घेवड्याचा वेल चढलेला आणि खाली भोपळ्याची पाने पसरलेली. ताट वेलाला आधार देते, घेवडा जमिनीला खत देतो, भोपळ्याची पाने ओल धरतात आणि तण दाबतात. मी म्हटले, "आमच्याकडे ज्वारीत तूर घालतात." त्यांना फार आनंद झाला. मक्याला ते 'सेलू' म्हणत. त्यांच्या जुन्या कथेतली मका देणारी आईही सेलूच. मी त्यांना 'आजोबा' शब्द शिकवला. त्यांना शेवटचे अक्षर कधी जमले नाही. फोनवर ते स्वतःच म्हणायचे, "मी आजो बोलतोय."

सासूबाई मका राखेच्या पाण्यात शिजवून त्याची साले काढत. दळलेल्या मक्यात शिजवलेला घेवडा घालून त्याचे गोळे पानात बांधून उकडत. मी त्याच पिठाच्या भाकरी थापल्या आणि लसणाचा ठेचा वाटला. आजोबांनी तीन भाकरी खाल्ल्या, डोळे पुसले, नाक पुसले आणि म्हणाले, "वाडो." म्हणजे उपकार झाले. ठेच्यामुळे की भाकरीमुळे, ते विचारायचे राहिले.

त्यांच्या खोलीत एक लाकडी पेटी होती. तीत खण होते आणि खणाखणांत दगड. प्रत्येकाखाली चिठ्ठी, तीवर जागा, साल आणि कोणी दिला त्याची नोंद. मी आणलेला तुकडा त्यांनी भिंगातून पाहिला, पाण्यात भिजवून पाहिला, जिभेलाही लावला. मग म्हणाले, "तुझ्या दादांना सांग, त्यांची विहीर साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आगीत खणलेली आहे. जमीन फाटून तापलेला रस वर आला, पसरला, थिजला. पुन्हा आला, पुन्हा थिजला. तुमचे डोंगर पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ना? ते त्यामुळे." मग त्यांच्या अंगणातला एक फिकट दगड माझ्या हातावर ठेवला. त्यात बारीक मण्यांसारख्या चकत्या होत्या. "हा आमचा चुनखडक. हा आगीतून आला नाही, समुद्राच्या तळाशी साचला. या चकत्या म्हणजे सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी जगलेल्या जीवांची हाडं म्हण. तुमच्या खडकात पाणी भेगांतून आणि मऊ थरांतून हळूहळू जातं. आमच्या खडकाला पाणी विरघळवतं, आत बोगदे करतं आणि पळतं. वरच्या गावानं घाण टाकली, तर काही वेळा दोन दिवसांत खालच्या झऱ्याला येते."

पेटीतल्या दुसऱ्या एका खणात पांढरी गारगोटी होती. दिसायला अगदी आपल्या माळावर सापडते तशी. ती हातात घेऊन ते म्हणाले, "या दगडापायी आम्ही देशोधडीला लागलो."

चेरोकी लोकांचे मूळ ठिकाण ओक्लाहोमा नव्हे. ते पूर्वेकडच्या डोंगरांतले, आजच्या जॉर्जिया, टेनेसी, कॅरोलायना या भागातले. १८२८-२९ च्या सुमारास जॉर्जियातल्या त्यांच्या मुलुखात अशाच गारगोटीच्या शिरांमध्ये सोने सापडले. सोन्यामागे हजारो लोक धावले. १८३० साली अमेरिकेच्या सरकारने मूळ रहिवाशांना पश्चिमेला हलवण्याचा कायदा केला. १८३२ साली जॉर्जिया राज्याने चेरोकींची जमीन सोडतीच्या चिठ्ठ्या काढून गोऱ्यांना वाटून टाकली. सोन्याच्या जमिनीचे चाळीस-चाळीस एकरांचे तुकडे पाडले. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने चेरोकींच्या बाजूने निकाल दिला, पण तो अमलात आला नाही. १८३५ साली मूठभर लोकांनी करारावर सह्या केल्या. मुख्य जॉन रॉस आणि बहुतेक सारे चेरोकी विरोधात होते. त्यांच्या अर्जावर पंधरा हजारांहून अधिक नावे होती. तो अर्ज वाया गेला.

१८३८ साली शिपाई आले. उभी पिके, गुरे, भांडीकुंडी सोडून सुमारे सोळा हजार माणसांना बाहेर काढले. जवळजवळ हजार मैलांचा प्रवास, बराचसा पायी आणि ऐन थंडीत. वाटेत आणि छावण्यांत मिळून सुमारे चार हजार माणसे गेली, असा अंदाज आहे. आजोबांच्या आजीची आजी तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. ती चालत आली. तिची आई आली नाही. "आणि त्याच १८३८ साली," आजोबा म्हणाले, "आमच्या त्या मुलुखात सरकारने सोन्याची नाणी पाडायची टाकसाळ सुरू केली."

आजोबा हे सारे शांतपणे सांगत. दगडाची चिठ्ठी वाचावी तसे.

पुढची गोष्ट मला शेतकऱ्याची मुलगी म्हणून जास्त लागली. ओक्लाहोमात आल्यावर चेरोकींनी पुन्हा घरे बांधली, शाळा काढल्या, न्यायालये चालवली. जमीन सगळ्यांची मिळून होती. जो कसेल त्याचे पीक आणि त्याचे घर, पण जमीन विकता येत नसे. आपल्याकडे सातबारा म्हणजे शेतकऱ्याची ढाल. तिथे कागद झाला तेव्हापासून जमीन जायला लागली. १८९८ च्या कायद्याने ही सामाईक पद्धत मोडली. नावांच्या याद्या केल्या आणि माणशी सरासरी प्रतीच्या जमिनीचे ११० एकर वाटून दिले. त्याआधी १८९७ सालीच चेरोकींच्या हद्दीत बार्टल्सव्हिल येथे तेलाची मोठी विहीर लागली होती. जमिनीखाली तेल आहे म्हटल्यावर कागदावर अंगठे घ्यायला येणाऱ्यांची काय वाण! १९०७ साली ओक्लाहोमा राज्य झाले. कोणाची जमीन करापायी गेली, कोणाची कर्जापायी, कोणाची फसवणुकीने. आजोबांच्या आजीच्या वाटणीतले आज चाळीस एकर उरले आहेत, तेही खडकाळ म्हणून. आजोबा म्हणत, "आमची जमीन दगडाने घालवली आणि दगडानेच राखली."

आजोबांचा जन्म १९३२ चा. आई लवकर गेली, आजीने वाढवले. आजीला चेरोकीशिवाय भाषा येत नव्हती. सहाव्या वर्षी त्यांना निवासी शाळेत घातले. तिथे चेरोकी बोलले की हातावर पट्टी बसे. ते म्हणत, "मी वर्षभर कोणाशी बोललोच नाही. दगड गोळा करायचो. दगडाशी कुठल्याही भाषेत बोलावं, तो चुगली करत नाही." पुढे ते कोरियाच्या लढाईत गेले. परत आलेल्या सैनिकांना शिक्षणासाठी सरकारी मदत मिळे, तिच्या जोरावर कॉलेजात गेले आणि १९५७ साली भूगर्भशास्त्राची पदवी घेतली. त्यांच्या आजीने पदवीचा कागद उलटसुलट पाहिला आणि विचारले, "म्हणजे तू आता खड्डे खणणार?"

सुट्टीत ते पिचर नावाच्या गावी खाणीवर जात. हे गाव राज्याच्या ईशान्य कोपऱ्यात, क्वापॉ नावाच्या दुसऱ्या जमातीच्या जमिनीवर. तिथे शिसे आणि जस्त निघे. पहिल्या महायुद्धातल्या बंदुकीच्या कितीतरी गोळ्यांचे शिसे तिथले. गावाची वस्ती एके काळी चौदा हजारांवर गेली होती. आजोबांचे काम म्हणजे छिद्रातून आलेला दगड पाहायचा आणि पुढे धातू कुठे लागेल ते सांगायचे. "माझा अंदाज चुकत नसे," ते म्हणत. त्यात फुशारकी नसे, दुःख असे. ते का, हे मला २००७ च्या हिवाळ्यात कळले. त्यांनी मला स्वतःच्या जुन्या गाडीतून पिचरला नेले.

सपाट माळावर दुरून डोंगर दिसू लागले. मी म्हटले, "इथे डोंगर आहेत?" ते म्हणाले, "आम्ही केलेले." ते चुरा केलेल्या खडकाचे ढीग होते. धातू काढून घेतल्यावर उरलेला चुरा, काही ढीग दीडशे-दोनशे फूट उंच. मुले त्यांवर घसरगुंडी खेळत, लोक तो चुरा अंगणात आणि रस्त्यावर टाकत. त्यात शिसे होते. गावातली घरे रिकामी होत होती, कारण खाली पोकळी होती आणि जमीन खचण्याची भीती होती. एका ओढ्यापाशी आजोबांनी गाडी थांबवली. पाणी विटकरी, नारिंगी. काठच्या दगडांवर गंज चढल्यासारखी साय.

त्यांनी मला समजावून सांगितले. खाण चालू असताना पंपाने पाणी उपसत असत, त्यामुळे बोगदे कोरडे राहत आणि धातूच्या कपारींना हवा लागे. १९७० च्या सुमारास खाणी बंद पडल्या, पंप थांबले. बोगदे हळूहळू पाण्याने भरले. हवा लागलेल्या त्या दगडातून आम्ल आणि धातू पाण्यात उतरले आणि १९७९ साली ते पाणी जुन्या छिद्रांतून वर येऊन टार क्रीक ओढ्यात वाहू लागले. मासे मेले. पुढे तपासण्या झाल्या, तेव्हा गावातल्या कितीतरी मुलांच्या रक्तात शिसे प्रमाणापेक्षा जास्त निघाले.

मी नर्स आहे. शिसे लहान मुलाच्या मेंदूला काय करते, ते मला ठाऊक होते. शिकवलेले ध्यानात राहत नाही, मूल एका जागी बसत नाही आणि झालेले नुकसान भरून येत नाही. मी काही बोलले नाही. आजोबाच बोलले. "मला विचारलं, धातू कुठे आहे? मी सांगितलं. पंप थांबल्यावर पाणी कुठे जाईल, हे मला कोणी विचारलं नाही. पण पोरी, मला ते कळत होतं. कॉलेजात शिकलेला होतो. कोणी विचारलं नाही म्हणून मी सांगितलं नाही. माझ्या लोकांना सोन्यापायी घालवलं, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. आणि शेजारच्या लोकांच्या जमिनीत मी तेच काम पगार घेऊन केलं."

२००८ च्या मे महिन्यात पिचरवर चक्रीवादळ आले आणि २००९ साली ते गाव सरकारी कागदावरूनही उठले. ढीग साफ करण्याचे काम पुढे क्वापॉ लोकांनी स्वतः हाती घेतले. हे कळल्यावर आजोबांनी मला मुद्दाम फोन केला होता.

खाणीनंतर वीस वर्षे ते तेलाच्या शोधात राज्याच्या पश्चिम भागात हिंडले, पैसा केला. १९७९ साली टार क्रीकची बातमी आली, तेव्हा ते सत्तेचाळीस वर्षांचे होते. नोकरी सोडून ते आजीच्या चाळीस एकरांवर परत आले. बायको म्हणाली, "आता काय करणार?" ते म्हणाले, "आता पाण्याचं बघणार."

ताहलिक्वाच्या पलीकडे बेल नावाची छोटी चेरोकी वस्ती आहे. तिथे अनेक घरांत नळ नव्हता, पाणी दुरून आणावे लागे. १९८१-८२ साली विल्मा मॅनकिलर नावाच्या बाईंनी तिथल्या लोकांना गोळा केले. पैशाची आणि नळांची सोय झाली, पण सुमारे सोळा मैलांचा चर खणायचा होता आणि तोही दगडात. लोकांनी तो स्वतः खणला. चेरोकीत याला 'गाडूगी' म्हणतात. एकाच्या कामाला सगळ्यांनी लागायचे. आपल्याकडचे इर्जिक आणि सावड तेच. घराघराला खोदाईचा वाटा ठरवून दिला. बायका, म्हातारे, पोरे सगळी खपली. आजोबाही शनिवार-रविवारी जाऊन कुदळ घेत. पाणी आले. मॅनकिलरबाई १९८५ साली साऱ्या चेरोकींच्या मुख्य झाल्या, त्या पदावरच्या पहिल्या बाई. आजोबा म्हणत, "माझ्या डिग्रीनं चर वीतभरसुद्धा पुढे गेला नाही. कुदळीनं गेला. मी इतकंच सांगू शकलो, की इथून नको, तिथून न्या, तिथला दगड फुटेल."

त्यानंतर मरेपर्यंत ते वस्त्यावस्त्यांवर झरे आणि विहिरी पाहत हिंडले. संडासाचा खड्डा विहिरीच्या वरच्या बाजूला असेल, तर घरधन्याला बाहेर बोलावून दाखवत. पैसे घेत नसत. कोणी मध द्यायचे, कोणी भोपळा.

आता माझ्या माहेरचे सांगते. २०१२ साली आमच्याकडे पाऊस गेला. विहीर तळाला लागली. त्याआधीच माझ्या भावाने दोन बोअर घेतले होते, दोन्ही कोरडे. तिसऱ्यासाठी तो कर्ज काढायला निघाला. मी आजोबांकडे गेले. म्हटले, "तुम्ही आमचा दगड पाहिलाय. पाणी कुठे लागेल तेवढं सांगा." ते म्हणाले, "विहिरीत पाणी किती फुटांवर आहे? गेल्या वर्षी याच महिन्यात किती होतं? त्याच्या आदल्या वर्षी? तुमच्या गावात एकूण बोअर किती?" एकाही प्रश्नाचे उत्तर मला देता आले नाही. भावाला फोन लावला, त्यालाही नाही. गावात कोणालाच नाही. आजोबा म्हणाले, "मग मी कसं सांगू? इतक्या लांबून जो सांगेल तो ठक. पण दोन छिद्रं कोरडी गेली असतील, तर तिसऱ्याआधी थांबावं. घागरीत पाणी नसेल तर पेले वाढवून काय होणार?"

भाऊ थांबला नाही. त्याच्या जागी मी असते तर थांबले असते, असे मला छातीठोकपणे म्हणवत नाही. समोर फळबाग वाळत होती. सातशे वीस फूट गेला. धूळ निघाली. चार वर्षे तो ते कर्ज फेडत होता.

मला वाटले, आजोबा आता म्हणतील, मी सांगितले होते. ते म्हणाले नाहीत. त्यांनी भावाला निरोप दिला, "मीसुद्धा खाली काय आहे एवढंच पाहत आलो. आता तू दुसरं पाहा. दोरीला फुटाफुटावर गाठ मार, खाली दगड बांध आणि दर पौर्णिमेला विहिरीत सोडून पाणी किती खाली आहे ते वहीत लिही. बाकी काही करू नको. दोन वर्षं नुसतं लिही."

भावाला आधी हसू आले. पण त्याने लिहिले. मग शेजारच्या तीन विहिरींचे लिहिले. पुढे शाळेतली मुले आठ विहिरींचे लिहू लागली. २०१५ साली पुन्हा पाऊस गेला, तेव्हा दिवाळीनंतरच्या वहीत दिसले, की पाणी २०१२ पेक्षाही वेगाने उतरते आहे. त्या आठ विहिरींच्या मालकांनी पारावर बसून ठरवले, की उन्हाळी पीक कोणी घ्यायचे नाही आणि गावाजवळच्या दोन विहिरी पिण्यापुरत्या राखायच्या. सगळ्यांनी पाळले असे नाही. पण एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले, त्या उन्हाळ्यात आमच्या आळीला हंड्यापुरते पाणी घरच्या विहिरीचे होते.

हे सांगायला आजोबा नव्हते. ते त्याच फेब्रुवारीत गेले होते. आजीच्या शेजारी त्यांना पुरले. खड्डा नातवांनी आणि शेजाऱ्यांनी खणला, बाहेरचा माणूस लावला नाही. जमीन खडकाळ. दुपार झाली तरी दगड निघतच होते. माझा नवरा म्हणाला, "आजोबा असते तर म्हणाले असते, दोन हात डावीकडे घ्या."

महिन्याने सासूबाईंनी मला ती लाकडी पेटी दाखवली. आमच्या कातळाच्या तुकड्याखालची चिठ्ठी मी पूर्वी वाचली होती. तिच्यावर होते, "नातसुनेच्या वडिलांची विहीर, चाळीस फूट, २००७." आता तिच्याखाली थरथरत्या अक्षरात आणखी एक ओळ होती, "इथे आता पाणी मोजतात."

ती चिठ्ठी मी पेटीतच ठेवली. भावाची वही चालू आहे. माझी मुलगी सुट्टीत आजोळी जाते तेव्हा पौर्णिमेला मामाबरोबर विहिरीवर जाते, दोरी सोडते आणि आकडा मोठ्याने सांगते.